मी पुढे निघून गेले

१७ एप्रिल

प्रिय पेन्सिल,

सुखरूप पोचले. बस दोन तास उशिरा सुटली आणि शेजारचा माणूस सगळा रस्ता घोरत होता. मला तर बसायचं म्हटलं तरी जीव जात होता, म्हणून निम्मा प्रवास उभ्यानंच केला. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिलेली नर्स मी, पाय काही कुरकुरले नाहीत. जिथे त्या विजेवरच्या सायकलची सीट लागली तिथलं मात्र विचारू नकोस. सूनबाईंनी काल जेवताना न बोलता माझ्या खुर्चीवर उशी आणून ठेवली आणि गालातल्या गालात हसल्या.

पण काय दिवस होता गं! साठी उलटलेल्या दोन बायका, डोक्यावर कलिंगडाएवढी हेल्मेटं, आणि तो भाड्याच्या सायकलींचा दुकानदार आपल्याला असं समजावतोय जणू विमान उडवायचंय. "मावशी, ही स्कूटर नाही. पायडल तुम्हीच मारायचं. मोटर नुसती मागून हात लावणार." अगदी बरोबर बोलला. पहिल्या चढावर मी बटण एकवरून दोनवर नेलं आणि खरोखर पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं झालं. खोटं वाटेल, पण मी मागे वळून पाहिलं. हे जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता.

ती सफरचंदाची बाग, दगडी कुंपण, मेंढ्यांनी अडवलेला रस्ता आणि तू घंटी वाजवून वाजवून त्यांना घातलेल्या शिव्या, सगळं नातीला सांगून झालंय. हॉस्टेलच्या खोलीत आपण एका कॉटवर बसून ज्या सहली आखायचो त्यातली ही एक चाळीस वर्षांनी का होईना झाली.

वर पाण्याच्या टाकीपाशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही, माझ्या लक्षात आहे. समोर उतार दिसला आणि माझ्यातली पोर जागी झाली, सुटले. मी विचार करते आणि लिहिते. फोनवर नको. फोनवर मी काहीही बोलून जाते.

आणि हे काय, बसच्या वेळा लिहून दिलेली तुझी चिठ्ठी वाचायला मला नातीचं भिंग घ्यावं लागलं! आयुष्यभर नकाशांवर गावांची नावं लिहिलेली बाई तू. चष्म्याचा नंबर बघून घे.

तुझी,
घारी

२६ एप्रिल

प्रिय घारे,

तुझं पत्र मिळालं. उशीचं वाचून एकटीच मोठ्यानं हसले. मी दोन दिवस दारापुढच्या पायऱ्या रेलिंगला धरून उतरत होते, पण सांगायला घरात सून नाही. लग्न न केल्याचा एक तोटा आज कळला.

तू विचारबिचार करू नकोस. मी सहज बोलले. वरची खोली रिकामी आहे, खिडकीतून सगळा डोंगर दिसतो, मी एकटी खालीच वावरते, म्हणून तोंडातून गेलं की तू इकडेच ये राहायला, कायमची. एवढंच. माझ्या मनात होतं ते असं, की नऊ वर्षं तू नवऱ्याचं सगळं केलंस, आता मुलाच्या घरी नातीचं करतेस. आता तुला कुणाचं काही करावं लागू नये. सकाळी उशिरा उठावं, मी चहा आणून द्यावा, आपण भांडावं, फिरायला जावं.

पण एक विचारते. उतारावर पाच नंबरचं बटण कशाला गं? उताराला मोटर लागतच नाही. मी टाकीपाशी उभी होते, तुझं बोट मला दिसलं. वाटलं, पहिल्या वळणावर थांबशील. मग वाटलं, पुलापाशी थांबशील. दुकानापाशी आले तेव्हा तू हेल्मेट परत देऊन पावतीवर सही करत होतीस.

असो. रागावले नाही. विचारलं एवढंच.

चष्मा तपासला. नंबर तोच आहे. अक्षर आपलं आपणच बारीक होत चाललंय. मी म्हटलं, कागद वाचतो. उजवा खांदा मात्र आखडतो हल्ली, तो सर्व्हे ऑफिसात टेबलावर वाकून काढलेल्या वर्षांचा प्रसाद. तू नर्स, काही उपाय असला तर लिही.

तुझी,
पेन्सिल

१२ मे

प्रिय पेन्सिल,

उत्तराला उशीर झाला. नातीला ताप होता, सून ऑफिसच्या कामाला बाहेरगावी, घर माझ्या डोक्यावर. हेच बघ. या लोकांचं माझ्यावाचून अडतं. मुलगा तोंडानं म्हणत नाही, पण मी निघाले तर त्यांची तारांबळ उडेल. नातीची शाळा दुपारी सुटते, तिला आणणार कोण? अजून चार-पाच वर्षं तरी मला इथून हलता येणार नाही.

तेव्हा तुझ्या खोलीला मी नाही म्हणते. तू मनावर घेऊ नकोस. येऊन-जाऊन राहीनच.

पाच नंबरचं म्हणशील तर मला ती बटणं कुठे कळतात? चुकून दाबलं गेलं असेल.

खांद्याला गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं. वयाप्रमाणे होतं असं. माझाही डावा दुखतो.

तुझी,
घारी

८ जून

प्रिय घारे,

तुझं 'नाही' मिळालं. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत जाऊन खिडकी बंद केली आणि ठरवलं की रडत बसायचं नाही. मी काय केलं ओळख! त्या दुकानदाराकडे गेले आणि त्याची जुनी विजेवरची सायकल विकत घेतली. तूच चालवली होतीस ती, निळी. बॅटरी नवी टाकून दिली त्यानं.

रोज सकाळी टाकीपर्यंत जाते. बाग, मेंढ्या, पूल, सगळ्यांच्या ओळखी झाल्या. मेंढपाळ मला बघून "आल्या, बाजूला व्हा" म्हणतो, मला की मेंढ्यांना ते कळत नाही. चढावर मोटर पाठीला हात लावते आणि मला तुझं ते मागे वळून पाहणं आठवतं. पंचाहत्तरीपर्यंत अशीच फिरणार बघ.

हेल्मेटचा पट्टा तेवढा लावता येत नाही. बोटं ऐकत नाहीत. कुठलंही बटण, बक्कल म्हटलं की दहा मिनिटं जातात. शेजारीण लावून देते आणि म्हणते, "शाळेत सोडते आहे असं वाटतंय." खांदा शेकते. फरक काही नाही, पण तू सांगितलंस म्हणून शेकते.

तुझी,
पेन्सिल

२० जून

प्रिय पेन्सिल,

सायकल घेतलीस, छान केलंस. पत्र वाचून बरं वाटलं. जपून चालव, उताराला वेग घेऊ नकोस, ब्रेक तपासून घेत जा. इकडे गडबड आहे, सविस्तर नंतर लिहिते.

तुझी,
घारी

३० जुलै

घारीमावशी, तुम्हाला नमस्कार.

मी तुमच्या मैत्रिणीची भाची. आपण एकदाच भेटलोय, तुम्ही मला कवळीचा साचा कसा करतात ते विचारलं होतं. दातांच्या लॅबमध्ये काम करते ती मी. मावशीनं तुम्हाला कळवू नकोस म्हटलंय, तरी लिहिते आहे.

मावशी या महिन्याच्या अकरा तारखेला सायकलवरून पडली. टाकीवरून खाली येताना पहिल्या वळणावर ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही. ब्रेक चांगले होते, दुकानदारानं येऊन तपासले, बिचारा रडत होता. उजव्या हाताची बोटंच दाबली गेली नाहीत. दगडी कुंपणावर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. मेंढपाळानं पाहिलं म्हणून लवकर दवाखान्यात पोचली. ऑपरेशन झालं, ती आता घरी आहे. वॉकर धरून खोलीत चार पावलं चालते. जिना चढायचा नाही असं सांगितलंय.

आणि दुसरं असं, की तिथल्या डॉक्टरांनी तिचा हात पाहिला, चालवून पाहिलं, एक ओळ लिहून घेतली आणि म्हणाले, हा कंपवात आहे. पार्किन्सन. किमान वर्षभरापासून असणार. औषध आधी सुरू झालं असतं तर हात एवढा आखडला नसता आणि सायकलवर तर त्यांनी तिला बसूच दिलं नसतं. "जवळच्या कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" असं त्यांनी मला विचारलं.

घारीमावशी, मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जात होते. तिचे ब्लाउजचे हुक मी लावून द्यायचे आणि तिला हसायचे. मला झोप लागत नाही. आता मी माझं सामान घेऊन इथे वरच्या खोलीत राहायला आले आहे, लॅबला इथूनच जाईन. मला कळायला हवं होतं, हे मनातून जात नाही.

तुमची,
भाची

९ ऑगस्ट

पेन्सिल,

हे पत्र तुझ्या भाचीला वाचायला लावशील, तर लाव. तिनं वाचावंच.

तिचा काही दोष नाही. मला माहीत होतं.

त्या दिवशी सायकलच्या दुकानात तू काउंटरवर उजवा हात ठेवून उभी होतीस आणि तुझा अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, कुणी औषधाची गोळी वळावी तसा. तुला कळतही नव्हतं. यांचा अंगठा असाच फिरायचा. तू यांना पाहिलंस ते शेवटच्या वर्षी, अंथरुणावर. सुरुवात तू पाहिली नव्हतीस. मी पाहिली होती. नऊ वर्षं दुसरं काय पाहिलं मी?

मग मी तुझ्यावर नजर ठेवूनच होते. सायकल हातात धरून चालताना तुझा उजवा पाय किंचित घासत होता. टाकीपाशी तू उकडलेलं अंडं सोलायला घेतलंस आणि माझी दोन खाऊन झाली तरी तुझं सोलून झालं नव्हतं. तू हसलीस तेव्हा फक्त डोळे हसले. आणि तेवढ्यात तू म्हणालीस, "घारे, वरची खोली रिकामी आहे. येतेस का राहायला, कायमची?"

तुला वाटलं मी नातीचा विचार केला. मी कुणाचाच विचार केला नाही. मला दिसलं ते बेडपॅन, भरवायचा चमचा, कूस बदलायला लावलेल्या उश्या आणि ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारं पाणी पुसणारा माझा हात. परत नाही, एवढंच डोक्यात आलं. परत नाही. आणि मी बटण दाबलं. चुकून नाही. पाच नंबर मला चांगला माहीत होता. पुलापाशी मी मागे पाहिलं, तू वरच होतीस, लहानशी दिसत होतीस. मी थांबले नाही.

तिथपर्यंतचं मी स्वतःला कदाचित माफ करीन. घाबरले, पळाले. पण घरी येऊन मी तीन महिने गप्प बसले. तुला सांगितलं असतं की डॉक्टरला दाखव, तर तू विचारलं असतंस, "काय वाटतं तुला?" मग मला सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर 'नाही' कुठल्या तोंडानं म्हणणार होते? म्हणून मी चष्म्याचा नंबर बघ म्हटलं. शेक म्हटलं. नर्स असून मी तुला शेक सांगितला! तू सायकल घेतल्याचं लिहिलंस तेव्हा ते पत्र हातात धरून मी मोरीत जाऊन बसले होते. बाहेर येऊन चार ओळी खरडल्या. जपून चालव म्हणे.

एक ओळ लिहायची होती. "सायकल चालवू नकोस, हात दाखवून घे." पाकीट बंद करण्याआधी ती ओळ मी खाली लिहिलीही होती. मग नवा कागद घेतला.

मी मुलाशी बोलले. नातीला शाळेतून आणायला त्यांनी माणूस शोधलाय, एका आठवड्यात मिळाला. माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. मी येते. मला सगळं येतं, औषधांच्या वेळा, व्यायाम, सगळं. भाचीला तिच्या घरी जाऊ दे. मी खालीच तुझ्या खोलीत गादी टाकून झोपेन. फक्त ये म्हण.

घारी

२ ऑक्टोबर

घारे,

सात आठवडे लागले मला. हात आता औषधानं थोडा ऐकतो, रोज दोन-दोन ओळी लिहिल्या आहेत. भाची लिहून देते म्हणाली, पण हे मला कुणाच्या तोंडून सांगायचं नव्हतं.

पहिल्यांदा मी तुझं पत्र फाडलं. मग भाचीनं तुकडे चिकटवून वाचलं आणि रडली, आणि त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली. तेवढ्यासाठी तुझे उपकार मानते.

तू मला नाही म्हणालीस त्याचा मला राग नाही, हे आधी लिहिते. नऊ वर्षं ज्यानं केलंय त्याला परत नको म्हणायचा हक्क आहे. टाकीपाशी तू मला सांगितलं असतंस, "पेन्सिल, तुझा हात यांच्यासारखा हलतोय, मला भीती वाटते, मी राहायला येणार नाही," तर मी रडले असते, तुझ्या गळ्यात पडले असते, आणि मग आपण दोघी सायकली हातात धरून पायी खाली आलो असतो. आणि मीच तुला म्हटलं असतं की येऊ नकोस. मी तुला नर्स म्हणून बोलावतच नव्हते गं. तुला विसावा मिळावा म्हणून बोलावत होते. तू मला ते म्हणायची संधीच दिली नाहीस.

डोंगराचा नकाशा काढताना कडा कुठे आहे ते माहीत असून आम्ही तो दाखवला नसता तर आमची नोकरी गेली असती. तीन महिने तुला कडा दिसत होता. मी रोज सकाळी हेल्मेट घालून तिकडे जात होते आणि तुला आनंदानं लिहीत होते.

तू राहायला येऊ नकोस. तू आता येशील ती माझ्यासाठी नाही येणार, तुझ्या मनाला खातंय म्हणून येशील. माझी कूस बदलताना प्रत्येक वेळी तू माफी मागशील आणि मला प्रत्येक वेळी द्यावी लागेल. ते मला झेपणार नाही. खोलीही आता रिकामी नाही.

भेटायला ये. एखाद्या रविवारी, दुपारची.

पेन्सिल

१० नोव्हेंबर

प्रिय पेन्सिल,

काल तुझ्याकडून निघाले, रात्री घरी पोचले. भाचीला सांग, मी व्यवस्थित आहे.

तुला बघून बरं वाटलं. हे खरंच लिहिते. पाऊल चांगलं उचलतेस, व्यायाम चुकवत नसणार. भाची गुणी आहे. तुझ्या गोळ्यांच्या डबीवर तिनं वार लिहिलेत ते मी पाहिलं. मला त्यात बोट घालायला काही जागाच ठेवली नाही तिनं.

तुझ्याकडच्या कपाटातल्या त्या पांढऱ्या, सोनेरी काठाच्या कपबश्या मी काल पहिल्यांदा पाहिल्या. इतकी वर्षं मी तुझ्याकडे येते, स्वयंपाकघरात घुसते, जो दिसेल तो कप विसळून घेते. काल तू म्हणालीस, "बस ना, ती आणेल." आणि भाचीनं ट्रेमधून त्या कपांत चहा आणला. मी कप उचलून मोरीत ठेवायला उठले तर तू पुन्हा म्हणालीस, "राहू दे, ती ठेवेल." किती चांगुलपणानं म्हणालीस! भांडली असतीस तर मी सुखानं परत आले असते.

आपण काय काय बोललो, मी बसमध्ये आठवत होते. नातीची शाळा. औषधांच्या किमती. शेजारणीच्या मुलीचं लग्न. हवा. पडद्याचा रंग. तुझ्या खिडकीतून डोंगर दिसतो, टाकीही दिसते, पण तिकडे आपण दोघींनीही पाहिलं नाही. मी येताना दहा वाक्यं पाठ करून आले होते, एकही बाहेर पडलं नाही. तूही मला काही बोलू दिलं नाहीस, आणि मला वाटतं ते तुझं बरोबर होतं.

चार वाजायला आले असतील, तू घड्याळाकडे पाहिलंस आणि विचारलंस, "बस कितीची आहे तुझी?" चाळीस वर्षांत तू मला हे कधी विचारलं नव्हतंस. मी निघाले की तू दारात आडवी उभी राहायचीस. मी म्हटलं, "साडेचारची." तू म्हणालीस, "मग निघायला हवं तुला," आणि वॉकर धरून दारापर्यंत सोडायला आलीस. एवढं चालत आलीस माझ्यासाठी. मी तुझ्या हाताला हात लावला, तो थरथरत नव्हता.

पुढच्या महिन्यात आले तर चालेल का, ते कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण कळव.

बस सहाची होती. स्टँडवर बाकावर बसून होते तेवढा वेळ. तुझ्याशी यापुढे एकही खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते, आणि तेवढं एक बोलले.

घारी